म्योडलारॉइट : भिंत पाडली, हद्द ठेवली

प्रकरण कशाचे

जर्मनीत बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन राज्यांच्या हद्दीवर म्योडलारॉइट नावाचे खेडे आहे. वस्ती जेमतेम 50 माणसांची. गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, एका उडीत पार करता येईल इतका अरुंद. 1949 पासून 1990 पर्यंत या ओढ्यावरून पश्चिम आणि पूर्व जर्मनी या दोन देशांची सीमा गेली होती. 1966 साली ओढ्याच्या कडेने 700 मीटर लांब आणि 3.30 मीटर उंच काँक्रीटची भिंत उभी राहिली. पश्चिमेकडे तैनात असलेले अमेरिकन सैनिक गावाला 'लिटल बर्लिन' म्हणू लागले आणि हे नाव चिकटले ते कायमचे.

1989च्या हिवाळ्यात सगळे बदलले, तेव्हा गावापुढे दोन प्रश्न आले. भिंतीचे काय करायचे, आणि हद्दीचे काय करायचे? वरवर पाहता हा एकच प्रश्न वाटतो. गावाने मात्र त्यांची उत्तरे वेगवेगळी दिली. भिंत पाडली, पण तिचा एक तुकडा मुद्दाम राखला. हद्द जिथे होती तिथेच राहू दिली. आजही ओढ्याच्या एका काठाचे रहिवासी बव्हेरियाचे आहेत आणि दुसऱ्या काठाचे थुरिंगियाचे. बाहेरच्या माणसाला हे अर्धवट सोडलेले काम वाटते. मला तो या प्रकरणातला सर्वांत समंजस निर्णय वाटतो. तो का, हे दाखवण्यासाठीच हा अभ्यास लिहिला आहे.

गावाचे नाव खरे आहे. गावकऱ्यांची नावे आणि ओळख सांगणारे तपशील दिलेले नाहीत.

पार्श्वभूमी

हा मुलूख फोग्टलांडचा. होफ शहराच्या उत्तरेला मध्यम उंचीच्या टेकड्या आहेत, अधूनमधून जंगल, बाकी शेती आणि कुरणे. सॅक्सनी राज्याची हद्दही फार लांब नाही, त्यामुळे इथल्या माणसाला राज्याची सीमा ही नवलाची गोष्ट नाही. म्योडलारॉइटची वस्ती ओढ्याच्या दोन्ही अंगांना पसरली, कारण पाणी तिथे होते. हद्द नंतर आली.

आजची हद्दरेषा 1810 सालची आहे. नेपोलियनच्या काळात जर्मन प्रदेशांची उलथापालथ चालू असताना बायरॉइटचा मुलूख प्रशियाकडून फ्रान्सकडे आणि 1810मध्ये फ्रान्सकडून बव्हेरियाच्या राज्याकडे गेला. ओढ्यापलीकडे रॉइस घराण्याचे छोटे संस्थान होते. टानबाखच्या कडेने हद्दीचे दगड रोवले गेले. त्यांच्या एका बाजूला 'बव्हेरियाचे राज्य' आणि दुसऱ्या बाजूला 'रॉइसचे संस्थान' यांची आद्याक्षरे कोरलेली होती. रॉइस संस्थान 1920 साली नव्याने बनलेल्या थुरिंगिया राज्यात सामील झाले. दगड आपल्या जागीच राहिले.

या हद्दीने गाव दुभंगले नव्हते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. शाळा थुरिंगियाच्या बाजूला होती आणि गावचे खाणावळ-मद्यगृहही तिथेच. चर्चला जायचे ते बव्हेरियातल्या ट्योपेन गावी. म्हणजे बव्हेरियाच्या काठावरचे मूल सकाळी ओढा ओलांडून शाळेत जायचे आणि थुरिंगियाच्या काठावरचे कुटुंब रविवारी उलट्या दिशेने प्रार्थनेला. सोयरिकी दोन्हीकडे झालेल्या, शेताचे तुकडेही दोन्हीकडे. कर कुठे भरायचा आणि दाखला कुठून आणायचा, एवढ्यापुरतीच हद्द होती. हे सुमारे 135 वर्षे विनातक्रार चालले.

प्रश्न कसा उभा राहिला

1945 साली, दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीचे विजेत्या राष्ट्रांमध्ये चार ताबा-क्षेत्रांत वाटप झाले. वाटप करणाऱ्यांनी जुन्या प्रांतांच्या हद्दी जशाच्या तशा उचलल्या. थुरिंगिया सोव्हिएत क्षेत्रात गेला, बव्हेरिया अमेरिकन क्षेत्रात. नकाशा हातात घेऊन बसलेल्यांना टानबाख ही एक बारीक रेघ दिसली असेल, किंवा दिसलीही नसेल. आधी अमेरिकन सैन्य आले, मग जुलैत सोव्हिएत सैन्य. काही काळ तर सोव्हिएत सैनिक ओढा ओलांडून बव्हेरियाच्या अर्ध्या गावातही बसले होते. ते 1946 साली मागे गेले.

1949मध्ये दोन जर्मन देश झाले, बव्हेरियाचा काठ पश्चिम जर्मनीत आणि थुरिंगियाचा पूर्व जर्मनीत गेला, तरी गावाचा व्यवहार परवान्यांवर चालू राहिला. शेतकरी परवाना दाखवून पलीकडच्या वावरात जात. खरा घाव पडला 26 मे 1952 रोजी. पूर्व जर्मनीच्या सरकारने त्या दिवशी सीमेचे नवे नियम जाहीर केले. सीमेला लागून 10 मीटरचा नांगरलेला पट्टा ठेवायचा, त्यामागे 500 मीटरचा 'संरक्षक पट्टा' आणि त्यामागे 5 किलोमीटर खोल मनाई क्षेत्र. पूर्वेचे म्योडलारॉइट अख्खे 500 मीटरच्या पट्ट्यात बसले. शाळेची वाट बंद झाली आणि चर्चचीही. गावाच्या मध्यावर लाकडी फळ्यांचे कुंपण उभे राहिले.

त्याच जून महिन्यात 'भरवशाची नाहीत' असा शिक्का मारलेल्या कुटुंबांना संपूर्ण सीमापट्ट्यातून सक्तीने हलवण्यात आले. देशभर हा आकडा 8,000च्या वर गेला. 1961च्या ऑक्टोबरात दुसरी फेरी झाली. घर सोडायला मिळत ते काही तास. ट्रकमध्ये बसवून कुठे नेणार हे सांगत नसत. नव्या गावात या लोकांकडे गुन्हेगार म्हणूनच पाहिले जाई, कारण काहीतरी केले असल्याशिवाय सरकार कुणाला हलवत नाही अशी समजूत होती. भिंतीची छायाचित्रे जगभर गेली; या कुटुंबांकडे मात्र फार उशिरापर्यंत कुणाचे लक्ष गेले नाही.

फळ्यांच्या जागी काटेरी तारा आल्या आणि तारांच्या जागी 1966 साली भिंत. बर्लिनची भिंत 1961ची, तिचाच हा खेड्यातला अवतार. टेहळणी मनोरा, रात्रभर जळणारे प्रखर दिवे, गस्त, सगळे तसेच. हद्द ओढ्यात होती आणि भिंत त्याच्या थोडी मागे, पूर्व जर्मनीच्या जमिनीवर होती. त्यामुळे पश्चिमेकडून कुणी ओढ्यात पाय घालून पलीकडच्या गवतावर उभा राहिला, तर भिंतीला हात लावण्याआधीच तो परक्या देशात घुसलेला असे.

दोन्ही बाजूंचे जगणे सारखे नव्हते. बव्हेरियाच्या काठावर बसेस भरून पाहुणे भिंत बघायला येत. फेब्रुवारी 1983मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेले थोरले जॉर्ज बुश इथे येऊन गेले. त्यांच्यासोबत पश्चिम जर्मनीचे संरक्षणमंत्री मानफ्रेड व्योर्नर होते. पूर्वेच्या काठावर बाहेरच्या माणसाला पास असल्याशिवाय येता येत नसे, मग तो सख्खा भाऊ का असेना. पलीकडे हात हलवणेसुद्धा निषिद्ध होते. पश्चिमेचे लोक हात करत आणि पूर्वेचे लोक न पाहिल्यासारखे करून काम करत राहत. दोन्ही देशांनी 1972मध्ये करार केला आणि पुढच्या वर्षी सीमेलगतच्या पश्चिम जर्मन रहिवाशांना पूर्वेत दिवसभराच्या भेटीला जाण्याची सोय झाली. पण मनाई क्षेत्र त्यातून वगळलेले होते. बव्हेरियाच्या म्योडलारॉइटचा माणूस परवाना काढून दूरच्या श्लाइत्स गावी जाऊ शके आणि आपल्या नातलगाला तिथे भेटू शके. समोर खिडकीत दिसणाऱ्या त्याच्या घरी मात्र त्याला जाता येत नसे. भिंतीवरून पळून जाण्यात 1973 साली एक जण यशस्वी झाला. त्याने शिडी वापरली.

पहिला निर्णय : वाट कधी उघडायची

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989च्या रात्री उघडली. म्योडलारॉइटची उघडली नाही. मोठ्या रस्त्यांवरची नाकी खुली झाली, पण गावात नाकेच नव्हते. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याला भेटायचे तर दूरच्या नाक्याला वळसा घालून यावे लागे. गावातून वाट मिळाली ती 9 डिसेंबर रोजी, म्हणजे बरोबर महिन्याने आणि तीही फक्त पायी चालणाऱ्यांसाठी.

या महिन्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. सीमा 'पडली' असे आपण एका वाक्यात म्हणतो, पण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मागणी करावी लागली, कुणाची तरी परवानगी यावी लागली आणि मग काँक्रीट कापावे लागले. छोट्या गावाची पाळी उशिरा आली. त्याच 9 डिसेंबरला जवळच्या होफ शहरात दोन्ही जर्मनींतले पर्यावरण कार्यकर्ते एकत्र जमले आणि त्यांनी सुमारे 1,400 किलोमीटरचा सीमापट्टा 'हरित पट्टा' म्हणून राखावा असा ठराव केला. चार दशके माणूस न फिरकल्याने तिथे दुर्मीळ पक्षी आणि वनस्पती टिकल्या होत्या. सीमा मोकळी झाली त्याच दिवशी, त्याच तालुक्याच्या गावी, सीमेतले काय जपायचे याचा विचार सुरू झाला होता. म्योडलारॉइटच्या पुढच्या निर्णयाशी याचा थेट संबंध नसेल, पण त्या मुलखातली हवा अशी होती.

दुसरा निर्णय : भिंतीचे काय

समोर तीन वाटा होत्या.

भिंत पूर्ण पाडून टाकणे सर्वांत सरळ होते. पूर्वेच्या काठावर ज्यांनी 23 वर्षे स्वयंपाकघराच्या खिडकीतून काँक्रीट पाहिले, त्यांना ते आणखी एक दिवसही नको होते, आणि त्यांना तसे वाटणे पूर्णपणे न्याय्य होते. उलट भिंत सगळीच ठेवायची म्हणजे मोकळीक मिळूनही गाव दुभंगलेलेच ठेवायचे. तिसरी वाट होती, येण्याजाण्याच्या आड येणार नाही असा एक भाग जागेवर राखणे.

17 जून 1990 रोजी यंत्र लावून भिंत पाडायला घेतली. तारीख सहज पडलेली नव्हती. 1953 साली याच दिवशी पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव झाला होता आणि तो रणगाड्यांनी चिरडला गेला होता. साधारण 100 मीटरचा तुकडा मात्र हातोड्यातून वाचवला गेला. त्याच वर्षी संग्रहालयासाठी संस्था स्थापन झाली आणि मनोरा, जाळीचे कुंपण, पट्टा यांसह उघड्यावरचे जर्मन-जर्मन संग्रहालय उभे राहत गेले. ते चालवण्यात दोन्ही बाजूंच्या स्थानिक संस्था सहभागी झाल्या.

इथे बर्लिनशी तुलना केली तर गावाचे शहाणपण कळते. बर्लिनमध्ये पहिल्या वर्ष-दोन वर्षांत भिंत झपाट्याने नाहीशी झाली आणि बेर्नाउअर रस्त्यावरचे स्मारक 1998 साली खुले झाले, तोवर मूळ रचनेतले बरेच काही गेले होते. म्योडलारॉइटने निर्णय घेतला तो पाडकाम चालू असताना, मनात राग ताजा असताना. अशा वेळी 'एवढे राहू द्या' म्हणायला धैर्य लागते. राखलेला तुकडा मूळ जागी आहे, ओढा शेजारी आहे, घरे समोर आहेत. म्हणून तिथे फलक वाचावा लागत नाही. अंतर डोळ्यांना दिसते.

तिसरा निर्णय : हद्दीचे काय

एक गाव आहे, तर ते एका राज्यात आणावे, हे कुणालाही सुचेल. कायद्याने ते अशक्य नव्हते. जर्मन राज्यघटनेच्या 29व्या कलमात राज्यांच्या हद्दी बदलण्याची तरतूद आहे आणि छोट्या भूभागाबाबत दोन राज्यांना आपसांत करार करून तो बदल करता येतो. असे घडलेही. एल्ब नदीकाठचा नॉयहाउसचा भाग 1945 साली सोव्हिएत क्षेत्राला जोडला गेला होता. तिथल्या लोकांची इच्छा होती म्हणून 1993 साली तो करार करून लोअर सॅक्सनीत परत गेला.

मग म्योडलारॉइटने तसे का केले नाही? माझ्या मते उत्तर 1810च्या दगडांत आहे. नॉयहाउसची हद्द 1945नंतरच्या ताबेदारांनी ओढली होती, ती पुसणे म्हणजे जुनी स्थिती परत आणणे होते. म्योडलारॉइटची हद्द त्याआधीची, रोजच्या जगण्याशी जुळवून घेतलेली होती. तिने कुणाला मारले नव्हते, कुणाची शाळा तोडली नव्हती. गाव एका राज्यात न्यायचे तर कुठल्या? अर्ध्या गावाला आपले जिल्ह्याचे ठिकाण, आपली शाळा, आपली कचेरी सोडावी लागली असती. नुकतेच 40 वर्षे दुसऱ्यांच्या निर्णयावर जगलेल्या पूर्वेच्या काठाला तर हे आणखी एक सामीलीकरण वाटले असते. शिवाय 1952 साली पूर्व जर्मन सरकारने थुरिंगिया हे राज्यच मोडीत काढले होते आणि ते ऑक्टोबर 1990मध्ये पुन्हा अस्तित्वात आले. आपले राज्य नुकते परत मिळालेल्या माणसांना ते सोडा म्हणणे कठीणच होते.

तेव्हा हद्द राहिली. थुरिंगियाचा भाग गेफेल नगरपालिकेत आहे, बव्हेरियाचा ट्योपेन ग्रामपालिकेत.

परिणाम

आज 50 माणसांच्या गावाला दोन महापौर आहेत, दोन पिनकोड आहेत, दूरध्वनीचे दोन क्षेत्र-क्रमांक आहेत आणि गाड्यांवर दोन जिल्ह्यांच्या पाट्या आहेत. मुले वेगवेगळ्या अभ्यासक्रमांच्या शाळांत जातात. भेटल्यावर बव्हेरियाचा माणूस नमस्कार म्हणून 'ग्र्यूस गॉट' म्हणतो, थुरिंगियाचा 'गुटन टाख'. 31 ऑक्टोबरला थुरिंगियात धर्मसुधारणा दिनाची सुट्टी असते, तेव्हा ओढ्याअलीकडे कामाचा दिवस असतो. दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, बव्हेरियात सर्वसंतांच्या सणाची सुट्टी असते आणि पलीकडे कामाचा दिवस. मे महिन्याच्या सणाचा सजवलेला खांब आणि नाताळचे झाड मात्र गाव एकत्रच उभारते.

हे सगळे गोड विचित्रपणा म्हणून सांगितले जाते. त्याची अडचण 2020च्या वसंतात कळली. कोरोनाचे निर्बंध राज्यांनी आपापले लावले आणि बव्हेरियाने 21 मार्चपासून सबळ कारणाशिवाय घराबाहेर पडण्यास बंदी केली. एका खेड्यात ओढ्याच्या दोन काठांना दोन नियमावल्या लागू झाल्या. ज्या गावात पलीकडे जाण्यासाठी एकदा पास लागत होता, तिथल्या वृद्धांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. हद्द राखण्याची ही किंमत आहे आणि ती मान्य करूनच मी तो निर्णय बरोबर म्हणतो.

वेगळे काय करता आले असते

1945 आणि 1952चे निर्णय गावाच्या हाती नव्हतेच, त्यामुळे तिथे गावाला धडा शिकवण्यात अर्थ नाही. तिथला प्रश्न नकाशा ओढणाऱ्यांचा आहे. प्रांतिक हद्द ही कर आणि कागदपत्रांसाठी असते. तिला ताब्याची सीमा करताना तिच्या दोन्ही बाजूंना कोण राहते, मुले कुठे शिकतात, शेत कुठे आहे, हे कुणी पाहिले नाही. एका छोट्या बदलाने, अख्खे गाव एकाच क्षेत्रात टाकून, निदान शेजारी शेजाऱ्यापासून तुटला नसता. सीमा थोडी सरकली असती, कदाचित दुसऱ्या एखाद्या वस्तीवर गेली असती, हेही खरे.

1990चा भिंतीबाबतचा निर्णय मला बदलावासा वाटत नाही. हद्दीबाबत मात्र एक गोष्ट राहून गेली असे वाटते. दोन राज्यांनी हद्द न हलवताही, अशा जोडगावांसाठी रोजच्या नियमांत सवलत देणारा छोटा करार आधीच करून ठेवायला हवा होता : साथीच्या काळात, शाळाप्रवेशात, आपत्कालीन सेवेत. जुन्या काळी शाळा एका काठाला आणि चर्च दुसऱ्या काठाला असताना गाव जे सहज करत होते, त्याला कायद्याचा आधार मिळाला असता.

सर्वांत मोठी उणीव हलवलेल्या कुटुंबांची. काँक्रीटचे काय करायचे ते काही महिन्यांत ठरले. या माणसांवर झालेला अन्याय कायद्याने मान्य झाला 1994मध्ये, प्रशासकीय अन्यायाच्या पुनर्वसनाचा कायदा आला तेव्हा. त्यातही हिरावलेल्या घरादाराची बाब पुढे आली. हाकलले जाण्याच्या त्रासासाठी वेगळी भरपाई नव्हती. ती 2025 साली आली, सक्तीने हलवलेल्यांना एकदाच 7,500 युरो. 1952च्या जूनमध्ये ज्यांनी आपल्या हाताने सामान ट्रकमध्ये चढवले, त्यांतली बहुतेक मोठी माणसे तोवर हयात नव्हती. ही रक्कम 1994च्या कायद्यातच घालायला हवी होती.